पट्टीवरची रेघ आणि तिच्यामागचे प्रतिपिंड : अफ्लाटॉक्सिन तपासणीच्या एका संचाचा हंगामभराचा अनुभव

गोदामाला जोडलेल्या आमच्या लहानशा तपासणी कक्षात मका आणि भुईमुगाच्या नमुन्यांमधले अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष मोजण्यासाठी गेला अख्खा हंगाम आम्ही एक नवा पट्टी-संच वापरला. त्याआधी काही वर्षे आमच्याकडे दुसऱ्या उत्पादकाच्या पट्ट्या होत्या आणि त्यांतले प्रतिपिंड, म्हणजे ठरावीक पदार्थाला ओळखून धरणारे प्रथिन, उंदराच्या पेशींपासून मिळवलेले होते. नव्या संचातले प्रतिपिंड हा अल्पाका या उंटवर्गीय प्राण्याच्या प्रतिपिंडाचा एक तुकडा असून तो जिवाणूंमध्ये तयार केला जातो, असे माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर ठळक छापलेले आहे. हा फरक रोजच्या कामात कितपत जाणवतो हे पाहावे, म्हणून आम्ही निवडक नमुने दोन भागांत वाटले आणि त्यांतला एक भाग बाहेरच्या प्रयोगशाळेत एचपीएलसी या, मिश्रणातले घटक यंत्राने वेगळे करून मोजणाऱ्या, पद्धतीने तपासून घेतला. दोन्ही उत्पादकांची नावे मी देत नाही, कारण पुढे जे गुणदोष येतील त्यांतले बरेचसे या प्रकारच्या कोणत्याही संचात कमीअधिक प्रमाणात सापडतील, आणि संच कोणाचा यापेक्षा तो निवडताना काय विचारावे हे वाचणाऱ्याच्या हाती लागणे मला महत्त्वाचे वाटते.

अफ्लाटॉक्सिन हे अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस आणि अ‍ॅस्परजिलस पॅरासिटिकस या बुरशींचे विष आहे. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले आणि कारणाचा माग त्यांच्या खाद्यातल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत पोहोचला, तेव्हा ते प्रथम ओळखले गेले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. २००४ साली केनियात बुरशी लागलेला मका खाण्यात आल्याने ३१७ जण आजारी पडले आणि त्यांपैकी १२५ जण दगावले. दाणा वरून चांगला दिसत असतानाही त्यात हे विष असू शकते, आणि शिजवल्याने किंवा भाजल्याने ते पुरते जात नाही. त्यामुळे मर्यादा फार खाली ठेवाव्या लागतात : थेट खाण्याच्या धान्यासाठी युरोपीय संघात एकूण अफ्लाटॉक्सिन ४ पीपीबी, तर अमेरिकेत अन्नासाठी २० पीपीबी. एक पीपीबी म्हणजे एका किलोत एक मायक्रोग्रॅम. इतके थोडे विष गोदामाच्या दारात, गाडी उभी असताना, पंधरा-वीस मिनिटांत मोजायचे तर प्रतिपिंडाला पर्याय नाही, आणि म्हणून पट्टीची पारख म्हणजे मुख्यतः तिच्यातल्या प्रतिपिंडाची पारख.

तपासणीची रीत सोपी आहे. दळलेल्या नमुन्यातून ५० ग्रॅम पीठ घ्यायचे, त्यात ७० टक्के मिथेनॉल घालून झाकण घट्ट लावायचे आणि बाटली दोन-तीन मिनिटे जोराने हलवायची. गाळणकागदातून जो अर्क उतरतो तो मक्याचा असेल तर पिवळसर आणि भुईमुगाचा असेल तर किंचित दुधाळ दिसतो. त्यातला थोडा पिपेटने काढून सोबत आलेल्या द्रावणात मिसळायचा आणि पट्टीचे टोक त्यात उभे करायचे. द्रव पट्टीवरून वर चढू लागला की तळाशी सुकवून ठेवलेले सोन्याचे अतिसूक्ष्म कण, ज्यांच्यावर प्रतिपिंडे बसवलेली असतात, ओले होऊन लालसर लाटेसारखे वर सरकतात. पहिल्या अर्ध्या मिनिटात ही लाट अगदी स्पष्ट दिसते. ती पुढे निघून गेली की मागे पांढऱ्या पडद्यावर दोन रेघा उरतात : खालची चाचणीची, वरची नियंत्रणाची, म्हणजे पट्टी नीट चालल्याची खूण. पाच मिनिटांनी पट्टी वाचकयंत्रात घातली की यंत्र दोन्ही रेघांचा गडदपणा मोजून आकडा देते.

या रेघेबाबत एक गोष्ट नव्या माणसाला पहिल्याच दिवशी समजावून सांगितली पाहिजे आणि माहितीपत्रक ती पुरेशा ठळकपणे सांगत नाही. इथे विष असेल तर रेघ फिकी होते आणि विष नसेल तर रेघ गडद उमटते. चाचणीच्या रेघेवर प्रथिनाला जोडलेले थोडे अफ्लाटॉक्सिन आधीच चिकटवलेले असते. नमुन्यात विष नसेल तर सगळी प्रतिपिंडे मोकळीच तिथे पोहोचतात आणि रेघ लाल होते, पण नमुन्यातच विष असेल तर प्रतिपिंडांच्या जागा वाटेतच भरून जातात आणि रेघेपाशी अडकायला फार थोडी उरतात. आमच्याकडे नव्याने आलेल्या एका सहकाऱ्याने दोन्ही रेघा ठसठशीत पाहून नोंदवहीत ‘विष आढळले’ असे लिहिले होते, कारण इतर बहुतेक पट्टीचाचण्यांमध्ये दोन रेघांचा अर्थ तसाच असतो. चूक त्याची नव्हती. यंत्राचा आकडा सोबत असल्याने ती लगेच लक्षात आली, परंतु यंत्राविना केवळ डोळ्यांनी पट्टी वाचली जाते तिथे असा गैरसमज एखादी विषारी खेप चांगली म्हणून पुढे पाठवू शकतो.

रेघेची ही उलटी भाषा अकारण नाही. अफ्लाटॉक्सिनच्या बी१ या प्रकाराच्या रेणूचे वस्तुमान सुमारे ३१२ डाल्टन (रेणूंचे वस्तुमान मोजण्याचे एकक) आहे, आणि एरवीच्या प्रतिपिंडाचे सुमारे दीड लाख. इतक्या लहान रेणूला एकाच वेळी दोन बाजूंनी दोन प्रतिपिंडे धरू शकत नाहीत, त्यामुळे मोठ्या प्रथिनांसाठी वापरतात ती दोन प्रतिपिंडांच्या मध्ये पदार्थ पकडण्याची रीत इथे चालत नाही. याच लहानपणामुळे असे प्रतिपिंड मिळवणेही अवघड जाते. प्राण्याच्या शरीरात नुसते विष टोचले तर रोगप्रतिकारक यंत्रणा त्याची दखलच घेत नाही, म्हणून विषाच्या रेणूला रासायनिक दांडा जोडून तो एखाद्या मोठ्या प्रथिनावर बसवावा लागतो आणि मग ते प्रथिन टोचावे लागते. हा दांडा रेणूच्या कोणत्या टोकाला जोडला, यावरून प्रतिपिंडाला रेणूची कोणती बाजू दिसेल हे बरेचसे ठरते. ही बाब इथे लक्षात ठेवावी, कारण आमची सगळ्यांत मोठी तक्रार तिच्याशीच निगडित आहे.

आमच्या जुन्या पट्ट्यांमधले प्रतिपिंड कोलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ साली मांडलेल्या हायब्रिडोमा पद्धतीचे होते : प्रतिपिंड बनवणारी उंदराची पेशी आणि अमर्याद वाढणारी कर्करोगी पेशी यांचा संकर करायचा आणि त्या एका पेशीच्या वंशावळीतून एकाच प्रकारचे प्रतिपिंड मिळवत राहायचे. ही पद्धत भक्कम आहे आणि आजही बहुतेक संच तिच्यावरच उभे आहेत. पण पेशींची वंशावळ ही जिवंत गोष्ट आहे. ती बदलते, क्षीण होते, कधी नष्टही होते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगवेगळ्या प्रयोगशाळांमधल्या १८५ हायब्रिडोमा तपासल्या गेल्या तेव्हा त्यांतल्या जवळपास एक तृतीयांशांमध्ये अपेक्षित प्रतिपिंडाखेरीज आणखी प्रतिपिंड-साखळ्याही तयार होत असल्याचे आढळले. म्हणजे ‘एकाच प्रकारचे’ हे विशेषण प्रत्येक वेळी खरे असेलच असे नाही.

नव्या संचातले प्रतिपिंड याहून वेगळ्या वाटेने आले आहे. उंट, लामा आणि अल्पाका यांच्या रक्तात जड आणि हलक्या अशा दोन प्रकारच्या प्रथिनसाखळ्यांच्या नेहमीच्या प्रतिपिंडांबरोबर केवळ जड साखळ्यांची बनलेली प्रतिपिंडेही असतात, हे १९९३ साली बेल्जियममधल्या संशोधकांनी दाखवले. त्यांचे पदार्थ धरणारे टोक वेगळे काढले तर ते सुमारे १५ किलोडाल्टनचे, एकसंध आणि आटोपशीर असते. त्यालाच नॅनोबॉडी म्हणतात. प्राण्याला विष जोडलेले प्रथिन टोचून त्याच्या रक्तपेशींमधली प्रतिपिंडांची जनुके काढायची, ती जिवाणूभक्षक विषाणूंच्या पृष्ठभागावर प्रकट होतील अशी त्यांत बसवायची, आणि अशा कोट्यवधी विषाणूंच्या गर्दीतून विषाला घट्ट धरणारे तेवढे वेचून घ्यायचे, अशी ती निवड होते. विषाणूवर प्रथिन प्रकट करण्याची मूळ कल्पना जॉर्ज स्मिथ यांनी १९८५ साली मांडली, पुढे ग्रेगरी विंटर आणि सहकाऱ्यांनी ती प्रतिपिंडांसाठी वापरली, आणि या कामाला २०१८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. एकदा निवडलेल्या प्रतिपिंडाचा जनुकक्रम लिहून ठेवता येतो, तो हवा तेव्हा जिवाणूंमध्ये घालून तेच प्रथिन पुन्हा मिळवता येते, आणि गरज पडली तर त्यातली मोजकी अक्षरे बदलून पकड सुधारण्याचाही प्रयत्न करता येतो.

यात सगळेच लाभाचे आहे असे समजू नये. नेहमीच्या प्रतिपिंडात जड आणि हलक्या अशा दोन साखळ्यांच्या मधल्या खोबणीत लहान रेणू छान बसतो. नॅनोबॉडीत ती दुसरी साखळीच नसते, त्यामुळे अफ्लाटॉक्सिनसारख्या लहान रेणूसाठी तितकीच घट्ट पकड मिळवणे अनेकदा कठीण जाते. नवा संच मागवताना माझ्या मनात हीच शंका होती, आणि खालच्या पातळीवर ती काही अंशी खरी ठरली : ३ पीपीबीच्या खाली नव्या पट्टीचे आकडे जुन्या पट्टीपेक्षा अधिक डळमळीत असतात, एकाच अर्काच्या तीन पट्ट्या तीन वेगळे आकडे देतात. ४ पीपीबीची अट असलेल्या मालाचा निकाल मी या पट्टीवर देणार नाही. मात्र ५ ते २० पीपीबी या टप्प्यात, जिथे आमच्या बहुतेक मालाचा निर्णय होतो, तिने आमचा विश्वास मिळवला.

तो मिळवण्यात दोन गोष्टींचा मोठा वाटा आहे, आणि त्या दोन्ही प्रतिपिंडाच्या घडणीतून आलेल्या आहेत. पहिली म्हणजे मिथेनॉल. अफ्लाटॉक्सिन पाण्यात नीट विरघळत नाही, ते काढायला मिथेनॉलसारखा द्रावक लागतो, आणि तोच द्रावक प्रतिपिंडाची घडी विस्कटतो. जुन्या संचात म्हणून अर्क बराच पातळ करावा लागे, आणि पातळ करताना पिपेटची थोडीशी चूकसुद्धा आकड्यात कित्येक पटींनी वाढून दिसे. नवे प्रतिपिंड अधिक मिथेनॉल सहन करते, त्यामुळे अर्क तुलनेने कमी पातळ करून चालतो आणि वेगवेगळ्या हातांनी केलेल्या तपासण्यांमधला फरक कमी झाला. याला दुसरी बाजू आहे : अर्क दाट राहिल्याने मक्याचा रंग आणि भुईमुगाचे तेलही पट्टीवर अधिक चढते. तेलकट अर्क नीट गाळला नाही तर लाट मध्येच अडखळते आणि पडद्यावर डाग राहतो. अशा पट्ट्या यंत्र स्वतःहून नाकारते, हे चांगले आहे.

दुसरी गोष्ट उष्णतेची. हंगामाच्या मध्यावर पट्ट्यांचा एक डबा नजरचुकीने गाडीत राहिला आणि बंद काचांआड दोन दिवस उन्हात तापला. जुन्या संचाच्या बाबतीत असे झाले होते तेव्हा नियंत्रणाची रेघसुद्धा धुरकट उमटली होती आणि सगळा डबा टाकून द्यावा लागला होता. या वेळी आम्ही त्या डब्यातल्या पट्ट्या आणि कपाटातल्या पट्ट्या एकाच अर्कात शेजारी शेजारी उभ्या केल्या. रेघा जवळजवळ सारख्या आल्या आणि यंत्राच्या आकड्यांतला फरक नेहमीच्या चढउताराएवढाच निघाला. नॅनोबॉडी तापवल्यावर उलगडली तरी थंड होताना पुष्कळदा पुन्हा मूळ घडीत येते, हा तिचा प्रसिद्ध गुण आहे. तरीही तो तापलेला डबा आम्ही खऱ्या मालासाठी वापरला नाही, कारण पट्टीत प्रतिपिंडाखेरीज पडदा, सोन्याचे कण आणि रेघेवरचे प्रथिनही असते आणि त्यांच्याविषयी तसा भरवसा देता येत नाही. डब्यातली ओलावा शोषणारी पुडी ओली झाली असेल तर मात्र प्रतिपिंड कितीही कणखर असले तरी पट्टी वाया जाते. झाकण उघडे ठेवण्याची सवय आमच्या कक्षातून घालवायला बराच वेळ गेला.

एका डब्यापासून दुसऱ्या डब्यापर्यंतचे सातत्य तपासण्यासाठी आम्ही एका मक्याच्या नमुन्याचा अर्क लहान लहान कुप्यांत भरून गोठवून ठेवला होता आणि नवी बॅच आली की पहिल्या दिवशी त्यातली एक कुपी काढून तपासत होतो. हंगामात तीन बॅचेस आल्या. संदर्भ आकडा ११ असताना त्यांचे आकडे १० ते १२ च्या आत राहिले. जुन्या उत्पादकाच्या एका बॅचने याच प्रकारच्या तपासणीत जवळजवळ दीडपट आकडा दिला होता आणि विचारणा केल्यावर समाधानकारक खुलासा मिळाला नव्हता. लिहून ठेवलेल्या जनुकक्रमातून तयार होणाऱ्या प्रतिपिंडाचा मला दिसलेला सर्वांत मोठा फायदा हाच आहे.

आता तक्रार. डब्यावर ‘एकूण अफ्लाटॉक्सिन’ असे छापलेले आहे. धान्यात सापडणारी मुख्य अफ्लाटॉक्सिने चार : बी१, बी२, जी१ आणि जी२. अतिनील प्रकाशात निळी चमकणारी ती बी आणि हिरवी चमकणारी ती जी, इंग्रजीतल्या निळ्या-हिरव्या रंगांच्या आद्याक्षरांवरून ही नावे पडली. ‘एकूण’ म्हणजे या चौघांची बेरीज. एचपीएलसी चौघांना वेगवेगळे मोजून बेरीज करते. पट्टीतले प्रतिपिंड मात्र चौघांना मिळून एकच उत्तर देते, आणि ते उत्तर खरे ठरण्यासाठी त्याने चौघांनाही सारख्याच ओढीने धरले पाहिजे. या संचाचे प्रतिपिंड तसे धरत नाही. माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत, एक तक्ता आहे. त्यावरून बी१ची पकड १०० धरली तर बी२ची ७० च्या आसपास, जी१ची निम्मी, आणि जी२ची दहाव्या हिश्श्याएवढी येते.

हे पान मी वाचले ते तक्रार उद्भवल्यानंतर. भुईमुगाच्या एका खेपेला खरेदीदाराची अट एकूण १० पीपीबीची होती. पट्टीने ९.६ आकडा दिला, पुन्हा तपासल्यावर ९.९ आला, आणि माल काठावर उत्तीर्ण ठरला. अटीच्या इतका जवळचा आकडा असल्याने आम्ही एक भाग संदर्भ प्रयोगशाळेत पाठवला. अहवाल आला : बी१ ६, बी२ १, जी१ ६, जी२ १, एकूण १४. त्या तक्त्यातल्या पकडीने या चार आकड्यांना गुणून पाहिले तर ६ अधिक ०.७ अधिक ३ अधिक ०.१, म्हणजे ९.८ येते. पट्टीने अगदी तिच्या घडणीप्रमाणेच उत्तर दिले होते. तिच्यात बिघाड नव्हता, आमच्या हातून चूक झाली नव्हती, आणि तरीही एक नापास माल पास म्हणून निघाला असता.

मक्यात असे का होत नाही, याचे कारण बुरशीत आहे. अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस साधारणतः बी गटाचीच अफ्लाटॉक्सिने बनवते, आणि मक्यात बहुधा तिचाच वावर असतो. अ‍ॅस्परजिलस पॅरासिटिकस बी आणि जी दोन्ही बनवते आणि ती भुईमुगात अधिक आढळते. त्यामुळे मक्याच्या नमुन्यांत पट्टीचे आणि एचपीएलसीचे आकडे हंगामभर जवळ राहिले, आणि भुईमुगात काही खेपांत जुळले तर काहींत पट्टी बरीच खाली राहिली. पिकावर, त्यातल्या बुरशीवर आणि त्या वर्षीच्या हवेवर अवलंबून असलेली ही चूक एखाद्या ठरावीक गुणकाने दुरुस्त करता येत नाही.

प्रतिपिंडाला जी गट कमी का कळतो, याचे उत्तर त्या रासायनिक दांड्याकडे जाते. बी आणि जी यांच्यातला फरक रेणूच्या एका टोकाच्या कड्यात आहे, तर बी१ आणि बी२ यांच्यातला फरक दुसऱ्या टोकाच्या फ्युरान नावाच्या कड्यातल्या एका दुहेरी बंधात. दांडा पहिल्या टोकाला जोडला तर ते टोक प्रथिनाच्या बाजूला झाकले जाते, आणि प्रतिपिंड मोकळ्या राहिलेल्या फ्युरान टोकाकडे अधिक लक्ष देते. दांडा फ्युरान टोकाला जोडला तर उलट घडते, आणि बी-जीमधला फरक प्रतिपिंडाला ठळक जाणवू लागतो. या संचासाठी कोणता दांडा वापरला हे माहितीपत्रकात नाही, आणि पत्र पाठवून विचारल्यावर ते व्यावसायिक गुपित असल्याचे कळवण्यात आले. मला ते पटत नाही. जनुकक्रम गुप्त ठेवावा, त्यामागे त्यांचे कष्ट आहेत, पण जे वापरणाऱ्याच्या निर्णयावर थेट परिणाम करते ते पहिल्या पानावर आले पाहिजे. ‘एकूण’ या शब्दाऐवजी ‘मुख्यतः बी१’ असे लिहिले असते तर आम्ही पहिल्या दिवसापासून भुईमुगासाठी वेगळी रीत ठेवली असती. शिवाय हाती जनुकक्रम असताना आणि पकड बदलण्याची साधने उपलब्ध असताना जी गट धरणारे प्रतिपिंड निवडणे किंवा दोन प्रतिपिंडे एकत्र वापरणे अशक्य नाही. ज्या तंत्राची जाहिरात होते आहे त्याच तंत्राने ही उणीव भरून काढावी, एवढीच अपेक्षा आहे.

माहितीपत्रकातली आणखी एक उणीव मला याहूनही गंभीर वाटते. त्यात ५० ग्रॅम पिठापासून पुढचे सगळे बारकाईने लिहिले आहे आणि ते ५० ग्रॅम कुठून आणायचे याविषयी एक ओळ आहे. अफ्लाटॉक्सिन मालात सारखे पसरलेले नसते. बहुतेक दाणे स्वच्छ असतात आणि मोजक्या दाण्यांत विष साठलेले असते. भुईमुगाच्या एकेका दाण्यात १० लाख पीपीबीपर्यंत विष सापडल्याची नोंद आहे. असा अर्ध्या ग्रॅमचा एक दाणा म्हणजे ५०० मायक्रोग्रॅम विष. तो ५ किलोच्या नमुन्यात आला तर त्या नमुन्याचा आकडा एकट्या त्याच्यामुळे १०० पीपीबी होतो, आणि नाही आला तर शून्य राहू शकतो. एकूण चुकीतला सर्वांत मोठा वाटा नमुना काढण्यातल्या चुकीचा असतो, हे या क्षेत्रात वर्षानुवर्षे मान्य आहे. आम्ही ढिगाच्या वेगवेगळ्या जागांहून आणि खोलींवरून थोडे थोडे घेऊन किमान ५ किलो जमवतो, ते सगळे दळतो, ०.८५ मिलिमीटरच्या चाळणीतून बहुतेक पीठ जाईपर्यंत दळतो, आणि मग विभाजकातून वाटत वाटत ५० ग्रॅमवर येतो. भुईमूग दळताना तेल सुटून लगदा होतो, तेव्हा थांबून थांबून दळावे लागते आणि प्रत्येक नमुन्यानंतर गिरणी उघडून पुसावी लागते. पट्टीची पाच मिनिटे जाहिरातीत दिसतात, या कामाला लागणारा पाऊण तास कुठे दिसत नाही. ओंजळभर दाणे मिक्सरमध्ये फिरवून पट्टी बुडवणाऱ्याला जगातले सर्वोत्तम प्रतिपिंडसुद्धा खरा आकडा देऊ शकणार नाही.

याच उत्पादकाच्या डीऑक्सिनिव्हालेनॉलच्या पट्ट्याही आम्ही काही दिवस गव्हावर वापरून पाहिल्या. फ्युजॅरियम बुरशीच्या या विषाच्या मर्यादा पीपीबीच्या शेकड्यांत असल्याने पट्टीवर ताण कमी असतो आणि आकडे स्थिर येतात. इथेही एक बाब लक्षात घ्यावी : गव्हाचे रोप स्वतःच या विषाच्या काही भागाला साखरेचा रेणू जोडून ठेवते, आणि या पट्टीचे प्रतिपिंड त्या झाकलेल्या रूपालाही धरते. त्यामुळे आकडा संदर्भ पद्धतीपेक्षा थोडा वर येतो. पचनात ती साखर सुटून विष मोकळे होऊ शकत असल्याने हा चढा आकडा मला दोष वाटत नाही. फ्युमोनिसिन या आणखी एका बुरशीविषाच्या पट्ट्यांचे मोजकेच नमुने झाले, म्हणून त्यांच्याविषयी मत देत नाही.

वाचकयंत्र चांगले आहे. प्रत्येक बॅचचा मापनवक्र, म्हणजे रेघेच्या गडदपणावरून आकडा काढण्याचा आलेख, डब्यावरच्या चौकोनी संकेतचिन्हातून ते स्वतः घेते, आकडा मर्यादेपलीकडे गेला तर अंदाज न देता अर्क पातळ करण्यास सांगते, आणि पट्टी ठरल्या वेळेपेक्षा उशिरा घातली तर ती नाकारते. सोबत विष असलेला आणि विष नसलेला असा एकेक नियंत्रण-नमुना दिला असता तर बरे झाले असते. तो वेगळा मागवावा लागतो आणि बरेच जण मागवणार नाहीत. वापरलेले अर्क आणि काचसामान कसे निष्प्रभ करावे याची सूचनाही अपुरी आहे. आम्ही ते सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात भिजवून ठेवतो आणि हातमोजे घातल्याशिवाय अर्काला हात लावू देत नाही.

रेघेची उलटी भाषा बदलण्याच्या दिशेनेही काम झालेले आहे. विष आणि त्याला धरलेले प्रतिपिंड या जोडीलाच ओळखणारे दुसरे प्रतिपिंड निवडता येते. तसे केले की लहान रेणूसाठीही विष असेल तेव्हाच रेघ उमटते. एचटी-२ या फ्युजॅरियम विषासाठी असे प्रतिपिंड तयार झालेले आहे. अफ्लाटॉक्सिनसाठी अशी भरवशाची पट्टी हाती आली तर नव्या सहकाऱ्याला शिकवताना माझी सर्वांत मोठी काळजी दूर होईल.

तोपर्यंत आमच्या कक्षात असे ठरले आहे. मक्यासाठी हाच संच चालू ठेवायचा, आणि पट्टीचा आकडा अटीच्या दोन पीपीबी जवळ आला की नमुना संदर्भ प्रयोगशाळेत पाठवायचा. भुईमुगासाठी पट्टीचा उपयोग केवळ उघड नापास माल बाजूला काढण्यापुरता करायचा, आणि पट्टीने पास केलेली प्रत्येक खेप, आकडा कितीही खाली असला तरी, चारही अफ्लाटॉक्सिने वेगळी मोजून आल्याशिवाय सोडायची नाही. जी१ची पकड निम्म्यावरून पाऊणपट झाल्याचे ज्या दिवशी त्या शेवटच्या पानावरच्या तक्त्यात छापून येईल, त्या दिवशी १४ पीपीबीच्या त्या भुईमुगाचा गोठवून ठेवलेला अर्क बाहेर काढून मी पहिली पट्टी त्यातच उभी करणार आहे. त्या अर्काच्या सहा कुप्या अजून शिल्लक आहेत.